प्रिंटर ‘ऑफलाईन’ दाखवतोय? मेकॅनिकला फोन लावण्याआधी एवढं तपासा

अहिल्यानगर : जून-जुलै म्हणजे दाखल्यांचे दिवस. अकरावीचे, आयटीआयचे, इंजिनिअरिंगचे प्रवेश, त्यासाठी उत्पन्नाचा, जातीचा, नॉन क्रिमिलेअरचा दाखला; त्यातच पीक विमा आणि पीक कर्जासाठी सातबारा, आठ अ. सेतू केंद्रात आणि ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रात सकाळपासून रांग लागते. नेमकं तेव्हाच प्रिंटर रुसतो. दिवा हिरवा, कागद भरलेला, टोनर नवा. तरी कॉम्प्युटर म्हणतो ‘प्रिंटर ऑफलाईन’. मग रांगेतल्या माणसाला एकच उत्तर मिळतं, “प्रिंटर बंद आहे, उद्या या.”

हे ‘उद्या या’ स्वस्त नसतं. एसटीचं भाडं, बुडालेली रोजंदारी आणि कधीकधी प्रवेशाची शेवटची तारीखही त्यात जाते. तालुक्याच्या गावी प्रिंटर दुरुस्त करणारा एखाद-दुसराच असतो. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातली गावं जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरहून दूर. जामखेड, कर्जतच्या टोकाच्या गावांचीही तीच गत. मेकॅनिक दोन दिवसांनी येतो, पाच मिनिटांत प्रिंटर चालू करतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. ती पाच मिनिटांची कामं कोणती, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी गडबड कुठे होते ते समजून घ्या

नेटवर्क प्रिंटर म्हणजे जो एका कॉम्प्युटरला यूएसबी वायरने न जोडता राऊटरला जोडलेला असतो, लॅन केबलने किंवा वायफायने. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्या राऊटरमार्फत त्याला कागद पाठवतात.

राऊटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता मिळतो. त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. तो १९२.१६८.१.५ असा चार आकड्यांचा असतो. गावात जसा घर नंबर, तसाच हा. फरक इतकाच, की घर नंबर कायम राहतो आणि हा पत्ता राऊटर आपल्या मर्जीने वाटतो. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं, की कधी जुना पत्ता मिळतो, कधी नवा.

खरी मेख इथेच आहे. कॉम्प्युटरमध्ये प्रिंटर पहिल्यांदा जोडला तेव्हा त्याचा पत्ता समजा १९२.१६८.१.५ होता. कॉम्प्युटरने तो लिहून ठेवला. रात्री लाईट गेली, सकाळी आली, आणि राऊटरने प्रिंटरला १९२.१६८.१.८ दिला. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवतोय. तिथे कोणीच नाही, म्हणून ‘ऑफलाईन’. प्रिंटर चांगला, कॉम्प्युटर चांगला, फक्त पत्ता चुकलेला.

पायरी १ : एकाच कॉम्प्युटरवर की सगळ्यांवर?

पहिला प्रश्न हाच विचारायचा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून प्रिंट देऊन बघा. तिथून निघाली तर प्रिंटर, राऊटर, केबल सगळं ठीक. बिघाड त्या एका कॉम्प्युटरमध्ये आहे. सगळीकडून बंद असेल तर बिघाड प्रिंटर, केबल किंवा राऊटरकडे आहे. या एका प्रश्नाने निम्मं काम कमी होतं. तो न विचारता ड्रायव्हर काढायचा आणि पुन्हा टाकायचा, यात बऱ्याच ठिकाणी अख्खी सकाळ जाते.

पायरी २ : वायर आणि दिवे

प्रिंटरच्या मागे लॅन केबल लागते तिथे छोटे दिवे असतात. केबल नीट बसली असेल तर ते पेटतात, लुकलुकतात. अंधार असेल तर केबल काढून पुन्हा बसवा, ‘टक्’ आवाज आला पाहिजे. तरी दिवा लागला नाही तर केबल राऊटरच्या दुसऱ्या खाचेत लावा, मग केबलच बदलून बघा. जुन्या इमारतींत उंदीर केबल कुरतडतात, टेबलाच्या पायाखाली ती दबते. वळवाच्या पावसात विजेच्या दणक्याने राऊटरची एखादी खाच जळते आणि बाकीच्या चालू राहतात, असंही होतं.

प्रिंटर वायफायवर असेल तर त्याचा निळा दिवा बघा. तो सतत लुकलुकत असेल तर बहुतेक मॉडेलमध्ये त्याचा अर्थ जोडणी तुटली असा असतो. राऊटरचा पासवर्ड कोणी बदलला का, हेही विचारा. पासवर्ड बदलला की माणसं मोबाईलमध्ये नवा टाकतात, प्रिंटरला तो कोणी सांगत नाही.

पायरी ३ : चालू करण्याचा क्रम

लाईट आल्यावर सगळं एकदम चालू होतं, आणि इथेच घोळ होतो. प्रिंटर अर्ध्या मिनिटात तयार होतो. राऊटर आणि फायबरच्या डब्याला दोन-तीन मिनिटं लागतात. प्रिंटर पत्ता मागतो तेव्हा द्यायला राऊटर जागाच नसतो. मग काही प्रिंटर स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता घेऊन बसतात. तो पत्ता घेतलेला प्रिंटर बाकी कॉम्प्युटरना सापडत नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. सगळं बंद करा. आधी फायबरचा डबा आणि राऊटर चालू करा, तीन मिनिटं थांबा. मग प्रिंटर, त्यानंतर कॉम्प्युटर. बरेचदा एवढ्यानेच काम होतं. भारनियमन असलेल्या गावांत राऊटरला छोटा बॅकअप लावला तर हा त्रास बराच कमी होतो. लेझर प्रिंटर मात्र कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नये. गरम होताना तो एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस बसतो.

पायरी ४ : प्रिंटरचा आजचा पत्ता काढा

प्रिंटरला स्क्रीन असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्क या भागात पत्ता दिसतो. स्क्रीन नसेल तर वायफायचं किंवा माहितीचं बटण काही सेकंद दाबून ठेवल्यावर बऱ्याच कंपन्यांचे प्रिंटर एक माहितीचा कागद छापतात. कोणतं बटण, किती वेळ, हे मॉडेलनुसार बदलतं; सोबत आलेल्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं.

कागदावर आयपी अॅड्रेस शोधा. तीन शक्यता असतात. तिथे सगळे शून्य असतील तर प्रिंटर नेटवर्कला जोडलेलाच नाही. पायरी २ वर परत जा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून पत्ता मिळाला नाही. पायरी ३ करा. आणि १९२.१६८ सारखा नेहमीचा पत्ता असेल तर पुढे चला.

पायरी ५ : हाक मारून बघा

कॉम्प्युटरच्या स्टार्ट मेनूत इंग्रजीत सीएमडी टाइप केलं की काळी खिडकी उघडते. तिथे इंग्रजीत पिंग, मग एक स्पेस आणि प्रिंटरचा पत्ता टाकून एंटर दाबा. कॉम्प्युटर प्रिंटरला चार वेळा हाक मारतो. उत्तरात ‘रिप्लाय फ्रॉम’ आणि पुढे प्रिंटरचाच पत्ता आला तर रस्ता मोकळा आहे. ‘रिक्वेस्ट टाईम्ड आऊट’ आलं तर बहुधा हाक पोचत नाही.

इथे एक फसवी जागा आहे. कधी ‘रिप्लाय फ्रॉम’ येतं, पण ओळीच्या शेवटी ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असतं. ते उत्तर प्रिंटरचं नसतं, बहुतेक वेळा आपल्याच कॉम्प्युटरचं असतं. तेव्हा ओळ शेवटपर्यंत वाचा.

हाक पोचत नसेल तर कॉम्प्युटरचाही पत्ता बघा. त्याच खिडकीत आयपीकॉन्फिग टाकलं की तो दिसतो. लहान ऑफिसात दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत. प्रिंटर १९२.१६८.१.८ आणि कॉम्प्युटर १९२.१६८.०.१२ असेल तर दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. फायबरवाल्याने दिलेला डबा स्वतःच राऊटर असतो आणि ऑफिसने बाजारातून आणखी एक राऊटर आणून त्याला जोडलेला असतो. एक यंत्र ह्यावर, दुसरं त्यावर. दोन्ही यंत्रं एकाच राऊटरवर आणली की प्रश्न मिटतो. वायफायला ‘गेस्ट’ नाव असेल तर तेही टाळा. गेस्ट नेटवर्कवरून सहसा प्रिंटर दिसत नाही.

मोबाईल हॉटस्पॉटचा सापळा

ग्रामीण भागात हे रोज घडतं. फायबर तुटली, पोर्टल उघडेना, म्हणून केंद्रचालक मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्यावर घेतो. पोर्टल चालतं, दाखला दिसतो, पण प्रिंट निघत नाही. कारण सरळ आहे. कॉम्प्युटर आता मोबाईलच्या नेटवर्कवर गेला, प्रिंटर ऑफिसच्या राऊटरवरच राहिला.

प्रिंट काढायला इंटरनेट लागत नाही, फक्त राऊटर चालू लागतो. म्हणून हॉटस्पॉटवर असताना दाखल्याची पीडीएफ कॉम्प्युटरमध्ये सेव्ह करा. मग हॉटस्पॉट तोडून ऑफिसच्या वायफायवर या आणि प्रिंट द्या. ‘इंटरनेट नाही’ असं लिहून आलं तरी हरकत नाही, कागद निघतो. घाईच्या दिवसांसाठी एक यूएसबी केबलही प्रिंटरजवळ ठेवावी. थेट जोडली की नेटवर्कचा प्रश्नच येत नाही.

पायरी ६ : हाक पोचते, तरी ऑफलाईन

आता दोष कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आहे. चार गोष्टी बघा.

पहिली, एकाच प्रिंटरची दोन-तीन नावं यादीत असतात, शेवटी ‘कॉपी १’ लिहिलेली. प्रिंट भलत्याच नावाला जात असते. विंडोजमध्ये ‘डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या’ अशी एक टिक असते; ती काढा आणि योग्य प्रिंटर स्वतः निवडा.

दुसरी, प्रिंटरची रांग उघडा. तिथल्या मेनूत ‘यूज प्रिंटर ऑफलाईन’ किंवा ‘पॉज’ यावर टिक असेल तर काढा.

तिसरी, पोर्ट. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ बघा. तिथला पत्ता आणि छापलेल्या कागदावरचा पत्ता एकच आहे का? नसेल तर ‘अॅड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून आजचा पत्ता टाका. तिथे डब्ल्यूएसडी असं लिहिलेलं असेल तरी हेच करा. डब्ल्यूएसडी म्हणजे विंडोजने स्वतः शोधून लावलेली जोडणी. ती सोपी असते, पण मध्येच हरवते.

चौथी, पोर्टच्याच सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ अशी टिक असते. विंडोज यातून प्रिंटरची खुशाली विचारतं. काही प्रिंटर त्याला उत्तर देत नाहीत, आणि विंडोज त्यांना ऑफलाईन ठरवून मोकळं होतं. ही टिक काढल्यावर बंद वाटणारा प्रिंटर लगेच चालू झाल्याचा अनुभव अनेक ऑफिसांत येतो.

पायरी ७ : रांग तुंबली असेल तर

एखादी बिघडलेली फाईल रांगेत पुढे अडकली की मागच्या सगळ्या अडकतात. ‘डिलीट’ केलं तरी ती ‘डिलीटिंग’ म्हणत बसते. अशा वेळी विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ शोधा आणि ‘स्टॉप’ करा. मग सी ड्राईव्ह, विंडोज, सिस्टीम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाईल काढून टाका. फोल्डर काढू नका. परत येऊन स्पूलर ‘स्टार्ट’ करा. रांग मोकळी होते. मात्र त्या कॉम्प्युटरवरून आधी दिलेल्या सगळ्या प्रिंट जातात, त्या पुन्हा द्याव्या लागतात.

एका कॉम्प्युटरवरून शेअर केलेला प्रिंटर

बऱ्याच ग्रामपंचायती, सोसायट्या आणि शाळांत प्रिंटर एका कॉम्प्युटरला यूएसबीने जोडून बाकीच्यांना शेअर केलेला असतो. इथे नियम वेगळा. तो मुख्य कॉम्प्युटर बंद असेल किंवा झोपला असेल तर सगळ्यांचा प्रिंटर ऑफलाईन. त्याची ‘स्लीप’ सेटिंग ‘नेव्हर’ करा. त्याचं नेटवर्क ‘पब्लिक’ झालं असेल तर ‘प्रायव्हेट’ करा आणि ‘फाईल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू आहे का बघा.

काही ठिकाणी जोडताना शेवटी ११बी असलेला एरर येतो. यामागे कारण आहे. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई व्यवस्थेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेल्या गंभीर त्रुटी सापडल्या. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने छपाईची सुरक्षा कडक केली आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर अनेक ऑफिसांतलं शेअरिंग बंद पडलं. एक कॉम्प्युटर अपडेट झालेला, दुसरा जुना, असं असलं की दोघांचं जमत नाही. विंडोज ७ ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही लक्षात घ्यावं.

यूट्यूबवर यावर रजिस्ट्रीत बदल करण्याचा उपाय सांगतात. त्याने प्रिंट निघते, पण लावलेलं कुलूपच उघडं होतं. लोकांचे आधार क्रमांक आणि बँक पासबुक ज्या कॉम्प्युटरवर हाताळले जातात, तिथे हे करू नये. सगळे कॉम्प्युटर अपडेट करा, आणि प्रिंटरला लॅनची खाच असेल तर तो सरळ राऊटरला जोडा.

पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून

मूळ दुखणं पत्ता बदलण्याचं, तेव्हा पत्ता पक्का करणं हाच कायमचा इलाज. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. तिथे प्रिंटरचा मॅक अॅड्रेस (तो त्याच छापलेल्या कागदावर असतो) टाकून एक पत्ता राखून ठेवला, की राऊटर दरवेळी तोच देतो.

ही सोय नसेल तर प्रिंटरमध्येच पत्ता हाताने टाकता येतो. मात्र राऊटर ज्या आकड्यांतून पत्ते वाटतो त्याबाहेरचा घ्या. समजा राऊटर २ ते २०० मधले पत्ते देत असेल, तर प्रिंटरला १९२.१६८.१.२२० द्या. मधलाच दिला तर उद्या एखाद्याच्या मोबाईलला तोच मिळेल आणि दोघं भांडतील. हा बदल झाला की सगळ्या कॉम्प्युटरवर पोर्टमध्ये नवा पत्ता टाका.

गुगलवरच्या ‘हेल्पलाईन’पासून सावध

प्रिंटर बंद पडला की माणूस कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधतो. वर दिसणारा नंबर कंपनीचाच असेल याची खात्री नसते. पलीकडचा माणूस गोड बोलतो, स्क्रीन बघण्याचं अॅप टाकायला सांगतो आणि कॉम्प्युटरचा ताबा घेतो. सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर शासकीय लॉगिन असतात, वॉलेटचे पैसे असतात, डिजिटल सहीचं टोकन लावलेलं असतं. नंबर कंपनीच्या अधिकृत वेबसाईटवरूनच किंवा बिलावरूनच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.

रांगेतल्या माणसाने काय करावं?

प्रिंटर बंद असला तरी अर्ज थांबत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली पाहिजे आणि अर्जाची पोच मिळाली पाहिजे. पोच छापता येत नसेल तर अर्ज क्रमांक आणि तारीख लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा. मुदतीत सेवा मिळाली नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, आणि त्यासाठी हाच क्रमांक लागतो.

दाखला तयार असेल तर पीडीएफ मोबाईलवर मागून घ्या. डिजिटल सहीचा दाखला दुसरीकडे छापला तरी चालतो, ती काही झेरॉक्स होत नाही. सातबाऱ्याचंही तसंच. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपये भरून तो घरबसल्या उतरवता येतो, आणि त्यावर तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी) हाताच्या सहीची गरज नाही. त्यावर पडताळणी क्रमांक असतो, त्यावरून तो खरा की खोटा हे तपासता येतं.

पीडीएफ दुसऱ्या केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात छापली, तर काम झाल्यावर तिथल्या कॉम्प्युटरमधून आणि व्हॉट्सअॅपमधून ती आपल्यासमोर काढून टाकायला सांगा. दाखल्यावर आपला फोटो, पत्ता, उत्पन्न सगळं असतं.

केंद्रचालकांनी आजच दहा मिनिटं काढून एक काम करावं. प्रिंटरचा पत्ता, मॉडेल नंबर, राऊटरचं नाव आणि कंपनीचा खरा सेवा क्रमांक एका कागदावर लिहून प्रिंटरच्या बाजूला चिकटवावा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नये. माणूस रजेवर असला तरी दुसऱ्याला तो कागद बघून प्रिंटर चालू करता येईल.